कॅज्युअल्टीच्या दारातला मामा

"मावशी, बाकावरचं म्हातारं बगा. लई येळ हाललं न्हाई."

मामा खाटेजवळून ओरडला. त्याचे दोन्ही हात फुग्यात गुंतले होते. खाटेवर एक पोरगी होती, तिच्या घशात नळी होती, नळीला फुगा लावलेला होता. मामा तो दाबत होता तेवढाच तिचा श्वास. मी खाली बसून फरशीवरचं रक्त पुसत होते. चार खाटांच्या त्या खोलीत तेव्हा वीसएक दुखणेकरी होते आणि त्यांच्या दुप्पट नातेवाईक. मी मान वळवून बाकाकडे पाहिलं. म्हातारं भिंतीला डोकं टेकून बसलं होतं. टोपी डोळ्यांवर आली होती.

"झोपलंय," मी म्हणाले. "आमचं मालक हायेत ते. पहाटं उठून आलेत, झोपू द्या."

आणि मी फडकं पिळलं.

मामा दारावरचा माणूस. त्याचं नाव मला ठाऊक आहे, पण लिहीत नाही. सरकारी दवाखान्यात खाकी कपड्यातला प्रत्येक जण मामा आणि फडकं हातात असलेली प्रत्येक बाई मावशी. डॉक्टर त्याला मामा म्हणायचे, सिस्टर मामा म्हणायची, त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी मोठी माणसं मामा म्हणायची. एकदा त्याची आई तापाने आमच्याकडे भरती झाली, तर चार दिवसांत तीही त्याला मामाच म्हणू लागली. मी त्याच्याबरोबर नऊ वर्षं काम केलं. मी सरकारी होते, तो ठेकेदाराचा.

कागदावर त्याचं काम एवढंच होतं, की कॅज्युअल्टीच्या दारात उभं राहून गर्दी आवरायची. तुम्हीही कधी ना कधी असल्या खोलीत उभे राहिला असाल. तिथं जो जास्त ओरडतो त्याच्याकडे डॉक्टर आधी जातो. डॉक्टरला तरी काय बोलायचं? तो एक आणि माणसं चाळीस. कान जिकडे ओढतो तिकडे पाय जातात. मामाचं उलटं होतं. ओरडणाऱ्याकडे तो बघायचाही नाही.

"वरडतोय त्याला दम हाय. ऱ्हाऊ द्या त्याला," असं म्हणून तो भिंतीकडेच्या, कोपऱ्यातल्या, कुणाशी न बोलणाऱ्या माणसांकडे जायचा. खाली वाकायचा, कानाची पाळी चिमटीत धरायचा आणि विचारायचा, "पावणं, गाव कंचं?"

नाव विचारायचा नाही. आमच्याकडे माणूस नाव सांगायला लाजेल, गाव सांगायला लाजणार नाही. अर्ध्या झोपेतही सांगेल. "गाव सांगतोय तवर मानूस हाय," असं मामाचं गणित होतं. ज्याला गाव सांगता आलं नाही, त्याला तो सरळ उचलून डॉक्टरपुढे नेऊन ठेवायचा. मग खाटेवर कुणी असो नसो.

एकदा आळे गावचा एक माणूस आणला. दारू पिऊन पडलाय म्हणून आणणारेच हसत होते. सिस्टर म्हणाली, ठेवा बाजूला, उतरेल. मामाने कान धरून गाव विचारलं तर तो म्हणाला, "मुंबई." मामाने आणणाऱ्यांना विचारलं, "हा मुंबईला ऱ्हातो का?" ते म्हणाले, "ह्यो तर फाट्याच्या पुढं कवा गेला न्हाई." मामाने डॉक्टरला हाताला धरून आणलं. बोटातून रक्त काढून बघितलं, तर साखर पार तळाला गेलेली. शिरेतून साखर गेली तसा पावणा उठून बसला, आळे म्हणाला, आणि आणणाऱ्यांना आईवरून शिव्या दिल्या. मामा म्हणाला, "हां, आता आला गावात."

पुढाऱ्याची माणसं यायची तेव्हा मला मजा वाटायची. एक जण बोट कापलं म्हणून आला, बरोबर सहा जण. मला आधी घ्या, साहेबांना फोन लावू का, तुमची नोकरी घालवू का. मामाने त्याचं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "राव, तुमी लई झ्याक वरडताय. म्हंजी फुप्फुसं चांगली हायेत. बाहेर बसा."

खाटा चार. एका खाटेवर दोघं, एकाचं डोकं या टोकाला, दुसऱ्याचं त्या टोकाला, हे रोजचं. मामा त्यांना सांगायचा, "कुनाचा पाय कुनाला लागला तर नमस्कार करा आन झोपा." सलाईनचे स्टँड कमी पडायचे. मग नातेवाइकाच्या हातात बाटली देऊन म्हणायचा, "आमचा स्टँड जेवायला गेलाय. तुमी उबं ऱ्हावा."

आणि चपला. हे मी दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात पाहिलं नाही. डोंगरातली माणसं, आहुपे आणि तिकडच्या वाड्या-वस्त्यांवरची, कॅज्युअल्टीच्या दारातही चपला काढतात. काढून ओळीने लावतात आणि बाहेर भिंतीला टेकून खाली बसतात. आत येत नाहीत. कुणीतरी नाव पुकारील म्हणून वाट बघतात. त्यांचं नाव कुणी लिहिलेलंच नसतं, मग पुकारणार कोण? बाजारपेठेतली माणसं बूट घालून आत घुसतात, यांचं मरण बाहेर सावलीत बसून असतं. मामा दर थोड्या वेळाने बाहेर डोकावून चपला बघायचा. "मावशी, डोंगर आलाय खाली," म्हणायचा आणि शोधायला जायचा.

तो देवमाणूस होता असं मी म्हणत नाही. तंबाखू खायचा आणि माझ्या पुसलेल्या पायरीवर थुंकायचा. माझ्या डब्यातली भाजी न विचारता खायचा आणि वर मीठ कमी म्हणायचा. नातेवाइकांना ढकलायचा. एकदा एका माणसाची बोटं त्याने दारात चेमटवली आणि नंतर त्याच बोटांना पट्टी बांधायला रांगेत उभं केलं. जीभ तर अशी, की साहेब तपासणीला आले तेव्हा सगळे हात जोडून उभे आणि हा म्हणाला, "साहेब, तुमी बोर्ड लावलाय शांतता राखा म्हनून. हितं शांतता राखली की मानूस मरतंय." साहेब हसले. पुढच्या महिन्यात तोच बोर्ड नव्या रंगाने रंगवून आला. खाटा चारच राहिल्या.

त्या दिवशी बाजार होता. सकाळी नऊच्या सुमारास कांदाकाढणीला निघालेल्या मजुरांचा टेम्पो वळणावर उलटला आणि चौदा माणसं एकदम आली. डोक्याला जास्त लागलेल्या एकाला घेऊन अँब्युलन्स पुण्याला गेली, बरोबर एक सिस्टर गेली. मागे राहिलो डॉक्टर, एक सिस्टर, मामा आणि मी. रोजचे तापाचे, खोकल्याचे, पोटदुखीचे होतेच.

साडेदहाला माझा नवरा आला. एस.टी.ने आला, दारातून मला खूण केली. "छातीत जळजळतंय," म्हणाला. "पहाटंपासनं. घाम बी यितोय."

मी दवाखान्यातली बाई. छातीतलं दुखणं आणि घाम म्हणजे काय, हे नऊ वर्षांत शंभर वेळा ऐकलं होतं. पण आमच्याकडे लग्नकार्यात घरची माणसं शेवटच्या पंगतीला बसतात. पाहुणे जेवून उठले की मग घरच्यांनी ताटं घ्यायची. आधी बसला तर गाव नाव ठेवतं. दवाखाना मला घरासारखा झाला होता. टेम्पोतली माणसं रक्ताने भिजलेली पडली होती, त्यांच्या पुढे आपल्या नवऱ्याला घातला तर लोक काय म्हणतील? मी दवाखान्यात पंगतीचा नियम लावला.

"बसा जरा," मी म्हणाले. "गर्दी सरली की दावते डॉक्टरला."

"मला काय घाई न्हाई," तो म्हणाला. "त्यांचं बगा आधी."

तोही तसलाच. बाकावर एक जागा होती तिथं बसला.

मामा तेव्हा दारात असता तर त्याने त्याचा कान धरला असता. माझ्या नवऱ्याला त्याने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून त्याला पंगतीची लाज नव्हती. पण मामा बाहेर चपला बघायला गेला होता. तिथं त्याला ती पोरगी सापडली.

एकोणीस-वीस वर्षांची, नवी सून. सासूने तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं. पहाटे पोटात दुखतंय म्हणून उठली, मग डोळे उघडेनात. वडापची जीप भरेपर्यंत थांबून, मग निघून, इथं येऊन बसल्या होत्या. मामाने पोरीला विचारलं, "बाई, गाव कंचं?"

"आहुपं," सासू म्हणाली.

"तुमी नगा सांगू. तिला सांगू द्या."

पोरीने तोंड उघडलं, पण जीभ वळेना. पापण्या अर्ध्या मिटलेल्या. मामाने तिला उचललं ते थेट आत. "डॉक्टर, मन्यार दिसतीया!" मण्यार चावली तर धड खूणही दिसत नाही, दुखतही नाही. माणूस ओरडत नाही. झोपल्यासारखा होतो आणि श्वास विसरतो. डॉक्टरांनी टेम्पोतल्या एकाचे टाके अर्धे सोडले, सापाच्या विषावरची लस लावली, नळी घातली, फुगा मामाच्या हातात दिला आणि परत टाक्यांकडे गेले. श्वासाचं मशीन पुण्याला. अँब्युलन्सही पुण्याला.

अकरा वाजल्यापासून मामा फुगा दाबत उभा होता. मध्ये त्याने एका धडधाकट माणसाला बोलावलं. तो मोबाईलवर सगळ्यांचं शूटिंग घेत होता. मामा म्हणाला, "भाऊ, ते ठिव खिशात. हे धर. मी चार मानसं बगून येतो." त्याला दाबायचं कसं ते दाखवलं. मामा चार पावलंही गेला नसेल, त्या माणसाचा फोन वाजला. त्याने एका हाताने फोन काढला, "हॅलो, हां, दवाखान्यात हाय," असं बोलू लागला आणि दुसरा हात थांबला. पोरीचे ओठ निळे झाले. मामाने धावत येऊन फुगा हिसकावला आणि त्याला लाथ घातली. मग त्याने फुगा कुणाला दिला नाही.

म्हणून तो तिथून ओरडला. दुसरं त्याला काही करता येत नव्हतं. बाकावरचं म्हातारं हलत नाही हे त्याने त्या गर्दीतून, माणसांच्या काखेतून पाहिलं होतं. पाहिलं त्याने आणि उत्तर दिलं मी. तेव्हा नवरा जिवंत होता की नव्हता, हे मी डॉक्टरला कधी विचारलं नाही.

दुपारी अडीच वाजता गर्दी जरा ओसरली. सिस्टर बाकाजवळ गेली, मनगट धरलं आणि मला नावाने हाक मारली. इतक्या वर्षांत मावशी सोडून पहिल्यांदा. मी उठले नाही, तिथंच बसल्या जागेवरून विचारलं, "गेलं का?" डॉक्टर धावत आले, खाली निजवून छाती दाबली, सगळं केलं. मग म्हणाले, "मावशी, सकाळीच दाखवायचं ना मला."

त्याच वेळी अँब्युलन्स परत आली. पोरीला स्ट्रेचरवर घेतलं. मामा फुगा दाबत स्ट्रेचरच्या बाजूने चालत निघाला. आम्ही वाटेतच होतो. नवरा जमिनीवर आणि मी त्याच्या उशाशी. मामाने खाली पाहिलं. थांबला नाही. तोंडाने आकडे मोजत होता, तसाच मोजत पुढे गेला.

पुण्याला मोठ्या दवाखान्याच्या दारात दोन तास अँब्युलन्स उभी होती. आत खाट नव्हती. तिथंही पडवीत माणसं जमिनीवर झोपवलेली. दोन तास मामा गाडीतच दाबत होता, असं ड्रायव्हरने मला नंतर सांगितलं. दुसऱ्या दिवशी मामाला चहाचा कप धरता येत नव्हता. दोन्ही पंजे सुजले होते.

तिसऱ्या दिवशी माझा दीर भावकी घेऊन दवाखान्यावर गेला. काचा फुटल्या. दवाखान्यात काम करणाऱ्या बाईचा नवरा दवाखान्यातच बाकावर मरतो, म्हणजे काय! वरून चौकशी लागली.

दहाव्याला मामा आमच्या घरी आला. कोपऱ्यात बसला. मी त्याला चारचौघांत विचारलं, "एक मिनिट फुगा सोडून यायला काय झालं व्हतं?"

"मावशी, मिनिटात ती गेली असती."

"ती कोन तुमची?"

"कोन न्हाई."

मी त्याला चहासुद्धा विचारला नाही.

पुढच्या आठवड्यात साहेब चौकशीला बसले. माझा जबाब कारकुनाने लिहिला. मी चौथी शिकलेली आहे. मी शब्दाखाली बोट ठेवून दोनदा वाचला. "घटनेच्या वेळी दारावर नेमलेला कर्मचारी जागेवर नव्हता." खोटं काही नव्हतं. मी सही केली.

मग मामाला बोलावलं. मी टेबलावरचे चहाचे पेले गोळा करत होते. दीर खुर्चीत बसला होता.

साहेबांनी विचारलं, "बाकावरचा पेशंट तुला दिसला नव्हता का?"

"दिसला व्हता."

"मग कुणाला सांगितलंस?"

मामाने तळहात एकमेकांवर चोळले. "गर्दी व्हती साहेब. ध्यानात न्हाई."

त्याच्या ध्यानात होतं. माझ्याही होतं. मी एक शब्द बोलले असते तर त्याची नोकरी राहिली असती आणि माझ्या दिराला, मुलाला, सगळ्या भावकीला कळलं असतं, की झोपू द्या असं कोण म्हणालं. मी पेले उचलले आणि धुवायला घेऊन गेले. नळ सोडला, म्हणजे पुढचं काही ऐकू येऊ नये.

ठेकेदाराच्या माणसाला कागद देत नाहीत. उद्यापासून येऊ नको, एवढं फोनवर सांगतात. मामाने खाकी कपडे धुऊन, घडी करून सिस्टरकडे दिले आणि गेला. मला भेटला नाही. त्याने का सांगितलं नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. माझ्यावर उपकार करायचे म्हणून तो गप्प राहिला, असं तुम्ही म्हणाल. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, त्याला माझी किळस आली होती.

त्याच्या जागी दारात टेबल आलं, खुर्ची आली, वही आली आणि खुर्चीत एक नवा माणूस आला. येईल त्याचं नाव वहीत लिहायचं आणि नंबराने आत सोडायचं. फार चांगलं काम झालं, असं साहेब म्हणाले. अक्षरही छान होतं त्या नव्या माणसाचं. तो खुर्चीतून उठायचा नाही. मी पुढे दोन वर्षं तिथं फरशी पुसली आणि दर थोड्या वेळाने बाहेर जाऊन भिंतीकडे बघून यायचे. मला मामासारखं काही समजत नव्हतं. मी नुसती बघायचे.

वर्षाने त्या पोरीची सासू आली. तिच्याकडे गाठोडं होतं, त्यात तांदूळ, घरच्या शेतातला.

"ते मामा कुठं हायेत?" तिने विचारलं.

"न्हाईत."

"कवा येतील?"

"येनार न्हाईत आता."

तिने गाठोडं माझ्यापुढे केलं. मग म्हणाली, "तुमी बी त्या दिशी व्हता न्हवं? मग तुमीच घ्या." मी घेतला. घरी नेला, निवडला, शिजवला आणि खाल्ला. चांगला वास होता त्याला.

मामा कुठं असतो ते मला माहीत नाही. कुणी म्हणतं चाकणला कंपनीच्या गेटवर आहे, कुणी म्हणतं शेती करतो. मी शोधला नाही.

टेम्पोतली चौदाही माणसं घरी गेली. पुण्याला नेलेलाही परत आला. माझा नवरा त्या बाकावर गेला. ती पोरगी जगली. सासू म्हणाली, आता भातलावणीला सगळ्यांच्या पुढं असते.